नाकासमोर

ओमारूच्या उत्तरेला, मेंढ्या हाकलून मोकळ्या केलेल्या गवतावर
लीथ मॅकॅस्किलचं किटीहॉक आधी उडतं.
पंखांची लांबी सहा फूट, वजन एका थोराड बोक्याएवढं.
तो बूट रोवून उभा, अंगठे दोन दांड्यांवर,
आणि विमान त्याच्याकडे वळलं
की त्याचं डावं उजवं होतं.
"चाळीस वर्षं झाली," तो म्हणतो, "तरी त्या क्षणी
मेंदूला हाताला धरून वळवावं लागतं."
गेल्या रविवारी चुकला.
कुंपणाच्या तारेवर बाल्साचा भुगा.
सगळं पिठाच्या पोत्यात भरलं, थर्मासमधला चहा संपवला,
मंगळवारी गोंद वाळला होता.

माझं किटीहॉक बेचाळीस सालचं.
माझं म्हणजे सात जणांचं आणि बँकेचं.
त्याच्यासाठी गोंद नाही.
एक पंप गेला की दुसरा शोधण्यात हिवाळा जातो.

नाकासमोर चालावं म्हणतात.
इथे नाकासमोर फक्त नाक,
लांबलचक, अख्खी धावपट्टी झाकणारं.
म्हणून नागमोडी जायचं, डावीकडून डोकावत, उजवीकडून डोकावत,
तेवढ्यात तापमानाचा काटा लालाकडे सरकतो.
थांबणं त्याला सोसत नाही.

मग वारं प्यालेलं वासरू, साडेतीन टनांचं.
डावीकडे ओढ घेतं; उजवा पाय दाबून धरायचा
मांडी भरून येईपर्यंत,
आणि थ्रॉटल हळू,
उतू जाणाऱ्या दुधावर नजर ठेवावी तसा.

लीथला वाटायचं, मोठं म्हणजे स्थिर.
मला वाटायचं, छोटं म्हणजे खेळ.
विमानाची लहान प्रतिकृती करता येते,
वाऱ्याची नाही.
डोंगरावरून येणारा तोच नॉर्वेस्टर
माझा पंख नुसता खाजवतो,
त्याचं विमान उलथं पाडतो.

पण उतरताना वेग जरा कमी पडला
तर माझा एक पंख न विचारता खाली जातो.
लीथ अशा वेळी शिवी देतो.
मी शिवीपुरता श्वासही हातचा राखते.

आज उतरले.
शेपटीचं चाक गवताला लागलं, फटकलं, सरळ झालं.
पंखावरून खाली आले तेव्हा उजवी पोटरी लटलटत होती.
लीथने पाहिलं. खिशातून हात काढून
आपले अंगठे दाखवले. तेही थरथरत होते.
त्याचं विमान तर केव्हाच गाडीत झाकून ठेवलेलं.

"तू समोरून येत होतीस ना," तो म्हणाला,
"डावं उजवं होत होतं."