जैसे थे

हुलगेवाडीच्या टेकडीवर माझी नोकरी.
जत तालुका, वारा फुकट,
पगार तीन महिन्यांनी एकदा.
राखायचं काय, तर दगडांचा ढीग.
भोवती मोठ्या धोंड्यांचं रिंगण,
मधे कुणीतरी निजलेलं, लोखंड हाताशी घेऊन.

गावात म्हणायचे, राकसाची पाटी उपडी झाली इथं.
मग पुण्याहून शलाका मॅडम आल्या,
दात घासायच्या ब्रशानं माती झाडत बसल्या सोळा दिवस.
एक खापरी तळहातावर धरून म्हणाल्या,
"धुळाप्पा, अडीच हजार वर्षं तरी झाली हिला."
मी बोट लावलं.
आतून काळी, कडेला लाल,
आईच्या परळासारखी.

मुरूम काढायला आलेला जेसीबी परत गेला,
ते बरंच झालं.
उत्तरेच्या उतारावर त्याचे दात उमटलेत,
तिथं अजून कुसळसुद्धा उगवत नाही.
निळा फलक लागला, तारेचं कुंपण आलं,
दगडांवर पांढरे आकडे पडले, एक ते चारशे बारा.
नियम सोपा, दगड हलवू नये.
खाली बारीक अक्षरात,
ठेवूही नये.

आता हे साहेबाला कसं सांगायचं?
या खिंडीतनं जाणारा मेंढका
एक दगड टाकल्याशिवाय पुढं गेला नाही कधी.
आईनं टाकलाय, मला पाठीशी बांधून.
का, विचारलं तर म्हणायची,
"खाली कोण हाय म्हाईत न्हाई.
गार लागू ने त्याला."

आज ठकुबाई हुलवान आली,
कमरेत वाकलेली, ओच्यात एक गोटा.
मी शिट्टी वाजवली. सरकारी शिट्टी.
ती तारेपाशी थांबली,
फलक वाचता येईना म्हणून
माझं तोंड वाचत राहिली.
"मग आता ढीग पुरा झाला म्हणायचा का रं?"

नोंदवहीत या प्रश्नाला रकाना नाही.

गोटा तिनं माझ्या हातात ठेवला.
पोटाशी धरलेला, उबदार होता अजून.
मेंढरांमागं ती खिंड उतरून गेली,
एकदाही मागं न बघता.

दिवस मावळताना आकडे मोजले, रोजच्यासारखे.
चारशे बारा भरले.
बिनआकड्याच्या दगडांची मोजदाद
माझ्याकडं दिलेली नाही.
हात झटकले,
वहीत तारीख घातली, वार सोमवार,
शेऱ्यात लिहिलं,
स्थिती जैसे थे.