कोणता गुडघा

स्टेडियमच्या वरच्या पायरीवर पोतं अंथरून बसतो मी.
समोर माइक, त्याला आमच्या हिच्या जुन्या मोज्याची टोपी,
वारं लागू नये म्हणून.
शेजारी तौफिक, मिक्सरवर बोट ठेवून,
वैद्यानं नाडी धरावी तसा.
केंद्राचा पल्ला बारा किलोमीटर.
त्यापलीकडं माझी नुसती खरखर होते;
अलीकडं वडणगे, शिये, उचगाव, कळंबा.
तेवढ्यात भागतं.

ज्युनिअर कॉलेजची फायनल.
ब्रह्मपुरी लाल, कात्यायनी निळे.
जाहिरात एकच, ढेपे पशुखाद्य,
ती हाफटाइमला दोनदा वाचतो.

सवय अशी लागते की मंडईत गेलो तरी
‘मेथी डावीकडून पुढं, कोथिंबीर मोकळी, एकदम मोकळी...’
ही चार पावलं लांबून चालते.

बासष्टाव्या मिनिटाला कॉर्नर.
मुल्लाणीनं उचलला, वाऱ्यानं आत वळवला,
गर्दीत दहा डोकी, आणि
गोऽऽऽल!
अवधूत चौगले! वडणग्याचा अवधूत!
नाद नाही करायचा, मंडळी, नाद नाही करायचा!

तौफिकनं बाही ओढली.
हिरवा दिवा विझलेला.
मागच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली होती,
बेसुमार भरलेली,
आमची वायर शेंड्यात अडकवून
कारखान्याकडं घेऊन.
पाच मिनिटं झाली, काका, तो म्हणाला.
पाच मिनिटं मी एकट्या मोज्याला मॅच सांगत होतो.

वायर जोडेपर्यंत शेवटची शिट्टी.
एक-शून्य. हलगी, गुलाल, पोरं खांद्यावर.
आणि केंद्राच्या मोबाइलवर फोन:
‘अवो, तुमचा रेडिओ बंद पडला की वो.
मी अवधूतची आई. धार काढत ऐकत होते.
तुम्ही थांबला आन् म्हस पान्हा चोरायला लागली.
काय झालं पुढं?’

मी उठून उभा राहिलो.
रिकाम्या गोलपोस्टकडं बघत
कॉर्नर पुन्हा घेतला.
मुल्लाणीनं पुन्हा उचलला, वारं पुन्हा आलं.
दोन बचावपटू मी पदरचे घातले,
अवधूतला हवेत जरा जास्त वेळ ठेवला,
आणि नरडं पुन्हा फाडलं.
झाडणारे मामा खराटा थांबवून बघत राहिले.

पलीकडं चरवीत धार. चर्र. चर्र.
‘डोक्यानं मारला?’
खोटं तोंडात आलं होतं.
‘नाही. गुडघ्याला लागून गेला.’
‘कोणत्या?’

सत्तर मिनिटं मी चेंडू बघितला होता.

‘उजवा सुजलाय त्याचा. सकाळी हळद लावली,
म्हटलं खेळू नको आज.
गोल राहू दे. कोणता गुडघा, तेवढं सांगा.’

तौफिकनं खांदे उडवले.
मुल्लाणीला हाक मारून विचारलं,
तो म्हणाला, झाला ना गोल, काका!

‘लाइनवर राहा,’ म्हणालो,
आणि पायऱ्या उतरायला लागलो, फोन कानाला,
तोंड सवयीनं चालू:
पोरं आता टेम्पोपाशी.
हलगी थांबली.
तुमचा खाली उतरतोय खांद्यावरून,
एक हात मुल्लाणीच्या मानेवर,
थांबा,
आधी डावा टेकवतोय.