वाटणीचा गाळ

मार्चचा शेवटचा शनिवार. चर्चच्या मागे
फावडी घेऊन सगळे उभे, तोंडातून वाफा.
पाटकरी एलिसेओ वहीतून नावं वाचतो.
ज्याची जितकी जमीन तितकी माणसं पाठवायची,
ही रीत त्याच्या आज्याच्याही आधीची.
‘माएस यांच्याकडून कोण?’
मान खाली घालूनच विचारतो,
आणि मग वर बघतो.
‘मी,’ मी म्हणते. ‘मीच आता.’

बाबांच्या फावड्याचा दांडा
त्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेला,
माझ्या उंचीला जरा लांबच.

दांड्यानं मोजत, टाचेनं रेघ ओढत एलिसेओ पुढे जातो:
इथून इथवर तुझं. इथून इथवर त्याचं.
माझ्या वरच्या अंगाला बेनिग्नो, खालच्या अंगाला सेराफीन.
गेल्या ऑगस्टात, पाणी आटलं तेव्हा,
एका रात्री कुणी कुणाचं दार उघडलं यावरून
दोघांनी बोलणं टाकलेलं.
एलिसेओनं मला मुद्दाम मध्ये घातलं की काय
ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.
त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही.

वरचा गाळ लोण्यासारखा कापला जातो.
खाली वाळुंजाच्या मुळ्या, त्या मात्र हट्टी.
तासाभरात कंबर बोलायला लागते.
निघतं काय काय: चमचा, बाहुलीचा हात,
बिअरचे डबे, ज्यांवर कुणीच हक्क सांगत नाही,
आणि मग, मुळ्यांत गुंतलेली,
पेंडीच्या दुकानाची जाहिरात असलेली
बाबांची टोपी.

ही टोपी सेराफीनच्या कुत्र्यानं पळवली
असं बाबा सगळा हिवाळा म्हणत होते.
जानेवारीत गेले, तरी आरोप मागे घेतला नाही.
मी टोपी झटकते. पाणी नाही, नुसता चिखल उडतो.
‘सेराफीन,’ मी म्हणते,
‘आमच्या घरातर्फे कपितानची माफी मागते.’

आधी सेराफीन हसतो.
मग माझ्या पाठीमागून बेनिग्नो,
मोठ्यानं, पोट धरून,
आणि आपण कुणासोबत हसतोय हे ध्यानात येताच
खोकल्यासारखं करतो.
पण हसणं तर झालेलं असतं.
दुपारी दोन्या फिदेलियाच्या लाल रश्शाच्या पातेल्यापाशी
सेराफीन त्याच्याकडे न बघता
भाकरीचं फडकं पुढे सरकवतो.
बेनिग्नो दोन घेतो.

चार वाजता वर कुठेतरी दार उचललं जातं.
पाणी काही धबाबा येत नाही.
आधी येतो काटक्यांचा, वाळक्या पानांचा
एक करडा फेस, सरपटत, वाट हुंगत;
त्याच्या पुढे पोरं उलटी चालतात,
कपितान त्याच्यावर भुंकतो.
डोंगरावरचा बर्फ तो, पण मळका,
आमच्याइतकाच दमलेला.

माझ्या वाटणीत एका ठिकाणी
मी गरजेपेक्षा खोल खणलं होतं.
तिथं पाणी थांबलं.
सगळेच थांबले, कुणी काही बोललं नाही.
खड्डा काठोकाठ भरला,
आणि मग ते सेराफीनकडे गेलं.