वरच्या मजल्याचा मीटर

जिन्याखाली दोन मीटर, खांद्याला खांदा लावून.
एक माझा, एक वरच्या मजल्याचा.
वरच्याचा तांबडा ठिपका
माझ्यापेक्षा घाईने लुकलुकतो,
हे तीन उन्हाळे मला दिसत होतं.
बिल तिचं, स्लॅब माझा.
यात माझं काय जातं, असं नारळ सोलताना
मी स्वतःलाच सांगायचो.

स्लॅब वडिलांनी घातला, शहाण्णव साली,
बारा वर्षं दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल राहून.
कौलं उतरवली, मोजून विकली.
वाडीतला पहिला स्लॅब:
माणसं वर चढून, टाचा आपटून बघून गेली.
तापतो, असं कुणी म्हणालं नाही.
आम्ही म्हणत राहिलो, गळत नाही.

सुनयना वायंगणकर, ग्रामीण रुग्णालयात नर्स.
रात्रपाळी. म्हणजे झोप दिवसा,
म्हणजे चैत्र-वैशाखाची दुपार त्या स्लॅबखाली.
एकदाच म्हणाली,
'पंखा गरम वारा घालतो, काका.'
पुन्हा बोलली नाही.
खिडकीला ओला टॉवेल दिसू लागला,
तासाभरात वाळून कडक.

एप्रिलात ती देवगडला आईकडे गेली
आणि टाकीचा कॉक बिघडला.
किल्ली घेऊन वर गेलो, काम झालं,
जरा टेकलो तिच्या खोलीत.
दोन वाजून दहा.
भिंतीला हात लावला
आणि तव्यावरून घेतात तसा मागे घेतला.
वीज गेली तर म्हणून फळीवर ठेवलेली मेणबत्ती
कमरेत वाकली होती,
जमिनीवर पडलेलं काही शोधत असल्यासारखी.

बस्त्याव मेस्त्रीला बोलावलं.
त्याने बोटाच्या पेराने पश्चिमेची भिंत वाजवली.
'हयसर खिडकी होती. बुजवल्यान कोणी?'
वडिलांनी. खाऱ्या वाऱ्याने
लोखंडी कपाट गंजतं म्हणून.
(कपाट गंजलंच. भंगारात गेलं.)

दीड दिवस जांभा फोडला.
तांबडी धूळ माझ्या चहात, बायकोच्या पापण्यांवर.
समोर, दाराच्या डोक्यावर, एक झरोका:
वाऱ्याला आत ये म्हणायचं
तर जायची वाटही दाखवायला हवी, म्हणाला.
सावंतवाडीहून टेम्पोभर फुटक्या पांढऱ्या लाद्या,
वजनावर घेतलेल्या.
उन्हं कलल्यावर पोत्यांवर बसून आम्ही तिघे
गच्चीवर तुकडे जुळवत राहिलो.
एकावर अर्धं गुलाब निघालं.
तेही लावलं, टाकीच्या सावलीत, कुणाला दिसणार नाही असं.
नव्या खिडकीवर झावळ्यांचा झाप, दोरीने वर-खाली होणारा.
शेजारच्या मोन्याने डोळ्यांवर हात धरून विचारलं,
'घराचा हास्पिटल केलात काय?'

एक्केचाळीस हजार तीनशे.
बायकोने कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले,
खाली दोन रेघा मारल्या.

मेचं बिल वायरमन गजात खोचून गेला.
दुसऱ्याचं बिल वाचू नये.
वाचलं.
गेल्या मेमध्ये सतराशे साठ, यंदा आठशे नव्वद.
'पाचशे वाढवा,' बायको म्हणाली,
'तरी तिच्या पदरात साडेतीनशेवर उरतत.'
हिशेब बरोबर होता. हिचा हिशेब चुकत नाही.

सतरा पायऱ्या. प्रत्येक पायरीला
तोंडात तो आकडा जिभेने सरळ करत गेलो.
दार लोटलेलं. बाहेर तिच्या पांढऱ्या चपला,
एक उलटी पडलेली.
फटीतून वारा येत होता, समुद्राचा, मासळीचा वास घेऊन,
माझ्याच घरातून माझ्याच अंगावर.
पंखा बंद.
तोंड उघडं ठेवून, एक हात खाटेखाली सोडून
ती झोपली होती, दुपारी दोन वाजता.

चप्पल सुलटी केली. खाली आलो.
बायको मिक्सरमध्ये वाटप घालत होती.
'सांगलात?'
'निजलीहा.'
तिने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे,
आणि बटणावरचा हात
तसाच थोडा वेळ ठेवला.
मग खोबरं परत ताटलीत काढून
पाटा धुवायला घेतला.