अडधी चमची

उत्तरायण झालं, पतंगांचे दोरे अजून तारांवर लोंबत होते,
तेव्हा जिज्ञाबेन मुलाकडे टोरांटोला गेल्या
आणि जाताना आमच्या दारात हे धूड ठेवून गेल्या.
मॉन्स्टेरा.
पानांना भोकं, कडा चिरलेल्या,
जणू कुणी कात्री शिकताना हात साफ करून घेतलाय.
कुंडीला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी:
'पंदर दहाडे अडधी चमची. वधारे नहीं.'
'नहीं'च्या खाली दोन रेघा.

मला हसूच आलं.
मी सदानंद खोपकर,
एकतीस वर्षं फर्टिलायझरनगरात, बॅगिंग शेडला,
आणि मला ही बाई खत शिकवणार!
आमच्याकडे चमचा नव्हता.
गोणी होती, वॅगन होती, आख्खी मालगाडी होती.
रात्रपाळीला युरियाचा डोंगर दिव्याखाली असा चमकायचा
की नवी पोरं साखर समजून जिभेला लावायची
आणि थुंकत पळायची नळाकडे.
काट्यावर शंभर ग्रॅम इकडे की तिकडे,
कोण बघतंय, शिलाई मशीन खडखडत पुढे.
शेत मी कधी पाहिलं नाही.
गोण्या गेल्या मेहसाण्याला, मनमाडला, कुठं कुठं.
कुठल्या मुळाशी किती पडलं
ते कळवणारं पत्र एकदाही आलं नाही.

तर खंडेराव मार्केटच्या बाजूने
हिरव्या झाकणाची बरणी आणली,
एकोणीस-एकोणीस-एकोणीस.
पाण्यात कालवायची असते, तेही वाचलं नाही.
सरळ मातीवर, शीग लावून, तीन चमचे.
आणि शेजारधर्म म्हणून वर एक.

दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या,
विस्तवावर पापड विसरावा तशा.
मातीवर पांढरी खरपुडी.
ती मात्र मी लगेच ओळखली.
शेडच्या मागच्या भिंतीला हीच यायची,
नखाने खरवडली तरी परत.

कुमुद काही बोलली नाही.
ती चहा गाळत होती.
माझ्या कपासाठी साखरेचा चमचा भरला,
बोटाने वरचा ढीग डब्यात उतरवला,
आणि कपात टाकण्याआधी मला दाखवला.
अर्धा.
साखर निघाल्यापासून, तीन वर्षं, रोज दाखवते.
तीन वर्षं, रोज, मी तोंड फिरवतो.

मग कुंडी मोरीत नेली.
एकट्याने उचलेना, तिने एक बाजू धरली,
'कमरेतून वाकू नका' असं तीनदा म्हणाली.
नळ बारीक सोडला.
खालच्या भोकांतून पाणी आलं, आधी चहाच्या रंगाचं,
मग फिकट, मग नुसतंच पाणी.
थांबायचं. निथळू द्यायचं. पुन्हा सोडायचं.
पाऊण तास मी स्टुलावर बसून
माझं औदार्य जाळीतून गटारात जाताना बघत होतो.
दारातून आवाज: 'सुटली का तुमची मालगाडी?'

पुढचे दोन महिने काहीही द्यायचं नव्हतं.
एवढं अवघड काम मी कारखान्यात केलं नाही.
बरणी फळीवरून माझ्याकडे बघायची.
जिज्ञाबेनचा व्हिडिओ कॉल आला, 'मारो छोड केम छे?'
तर मी फोन असा धरला
की करपलेली बाजू पडद्यामागे राहिली.
'एकदम सरस,' म्हणालो.
त्या म्हणाल्या, 'पडदो खसेडो ने, सदाभाई.'

मे महिन्यात, कूलरच्या वाऱ्यात,
देठाच्या बगलेतून एक गुंडाळी निघाली,
फिकट, ओली, तिकिटाच्या सुरळीसारखी.
उलगडायला नऊ दिवस घेतले.
भोकं आत आधीच पडलेली होती.

आज एक लिटरची बाटली मोजून भरली.
चमचा बरणीत घातला, बोटाने ढीग उतरवला,
मग आणखी थोडा.
आणि का कोण जाणे, टाकण्याआधी
स्वयंपाकघराच्या दारात जाऊन
तिला दाखवला.
तिने चष्म्यावरून पाहिलं.
'आधी हात धुवा,' म्हणाली, 'मग चहाला या.'