बेदाणा शेडवरची तार

आधी बागेचीच तार धरून पाहिली.
चारशे फूट, ताणलेली, आयती.
रेडिओचा चिमटा तिला लावला
तर सावळजच्या शिवारातले सगळे स्टार्टर
एकदम भांडायला लागले.
"लोखंडी अँगल जमिनीत गेलेत," दस्तगीर म्हणाला,
"येतंय ते मातीत मुरतंय. तुला काय उरणार?"

दस्तगीर मुलाणी मोटारी भरतो.
जळालेल्या साडेसात एचपीच्या पोटातून
त्यानं वेटोळं काढलं,
काळं, पण अर्धं धड.
"हिनं दहा परस पाणी चढवलंय. ने."

एकतीस मीटरचा पट्टा हवा, तर अर्धी लाट:
अठ्ठेचाळीस फूट, मधोमध तोडून.
टेप सापडेना.
दोन ओळींत नऊ फूट, म्हणून
पावणेतीन ओळी चाललो, वीतभर मागं आलो,
आणि तार कापली.
फवारणीच्या बाटलीचे गळे टोकांना,
पुढं नायलॉनची दोरी,
एक गाठ शेडच्या पाइपाला, एक चिंचेला.

दिशेवरून मात्र चुकलो होतो.
मी टोक वायव्येला केलं होतं, बोट दाखवल्यासारखं.
दस्तगीर खाली बसून तंबाखू मळत होता.
"ज्याचं ऐकायचं त्याच्याकडं टोक करू नये, 
कूस करावी."
पुन्हा चिंचेवर चढलो. दुसरी फांदी.

रात्री जाळ्यांवर बेदाणा वाळत होता,
मी राखणीला.
शेजारच्या बंगल्याच्या एलईडीची गुरगुर
सुईभर जागा सोडत नव्हती.
साडेअकराला लाईट गेली.
वस्तीवरून कुणीतरी बोर्डाच्या आईबापाचा उद्धार केला,
आणि रेडिओ
पाणी निवळावं तसा निवळला.

पाखरांसाठी बांधलेली कॅसेटची फीत
वाऱ्यात एकटीच गुणगुणत होती.
तिच्याखालून एक बाई वाचायला लागली.
कुठली भाषा, कळलं नाही.
आकडे असावेत, किंवा गावांची नावं,
किंवा कुठल्या बंदरावर किती वारा.
आवाज वर यायचा, बुडायचा,
पुन्हा वर यायचा.
मधेच ती खोकली.
कागद सरकला.
एक छोटा शब्द बोलली, बहुतेक माफ करा.
मी अंधारात म्हणालो, असू दे.

सकाळी दस्तगीर दुकानाचं शटर उचलता उचलता:
"काय लागलं?"
"एक बाई खोकली."
"कुठली?"
"काय माहीत."
त्यानं शटर अर्ध्यावर धरलं, 
तारेच्या बाजूला बघितलं, जी इथून दिसत नाही.
"थंडी असंल तिकडं," म्हणाला.