गल्ल्यावरचा फोटो

हुमनाबादे म्हणाले, आमच्याकडे झुरळं नाहीत.
असं म्हणणारेच मला रात्री बोलावतात,
शटर अर्धं ओढून, गाडी बोळात लावायला सांगून.

साखर पेठेतली खानावळ.
मी आधी नाक वापरतो, डोळे नंतर.
कोंदट, तेलकट, बंद पेटीसारखा वास.
तो आला की समजायचं,
एकदोन वाट चुकलेली नाहीत, गाव वसलंय.

फ्रीजच्या मागं, मोटारीच्या उबेला.
कपाटाच्या बिजागऱ्यांत. शेगडीच्या पायाशी.
फळीच्या कडेला काळे कण होते,
मालकांनी बोट टेकवलं, म्हणाले,
कारळाची चटणी सांडली असेल की हो.
चटणी असती तर बोटाला तेल लागलं असतं, मालक.
आणि हे गव्हाच्या दाण्याएवढं तपकिरी कवच,
हे रिकामं आहे.
यातून तीसचाळीस जण कधीच बाहेर पडलेत.

मी मोजतो. सवय आहे.
अक्कलकोट रोडला वीस वर्षं चादरीचे धागे मोजले.
माग भंगारात गेले, मोजणं माझ्यापाशी राहिलं.

दिवे घालवा म्हणालो.
वीस मिनिटं अंधारात बसलो,
ते गल्ल्यावर, मी पिंपाशेजारी.
नळ ऐकू येत होता.
टप्.
बऱ्याच वेळानं, टप्.
आपल्या गावात माणसाला पाणी चार दिवसांआड,
यांना रोज.

मग बॅटरी लावली.
भिंत हलली.

हुमनाबादे गप्प. मग घसा खाकरून,
फवारा मारून टाका येमूल, सगळं भिजवून टाका.
फवारा मारला की ती शेजारच्या किराणावाल्याकडं जातात,
त्यानं मारला की तुमच्याकडं.
असं पेठेत वर्षानुवर्षं चाललंय,
झुरळं तीच आहेत.
मी जेल लावतो. मोहरीएवढा ठिपका, फटीत.
खाऊन ती बिळात जाऊन मरतात,
उरलेली त्या मेलेल्याला खातात, आणि तीही मरतात.
(हे गिऱ्हाईक जेवताना सांगत नाही.)

पण औषध म्हणजे निम्मं काम.
वायसर आठ रुपयांचा आहे, तो उद्याच बदला.
पिंपाखालची ओल पुसा.
शेंगांची पोती भिंतीपासून वीतभर लांब.
आणि ती पुठ्ठ्याची खोकी, त्यांतूनच येतात ती,
मार्केटातून, पाहुण्यासारखी, हातात धरून आणलेली.

महानंदा मोरीत तवा घासत होती.
दिवसभर भाकऱ्या थापलेले हात.
मान वर न करता म्हणाली,
अण्णांच्या फोटोमागं बघा. दोन वर्षं झाली सांगतेय.

फोटोवर लाल झिरोचा बल्ब, समोर वाटीत साखर.
वडील गेल्यापासून खिळ्यावरून उतरलेला नाही.
मी हात पुढं केला तर मालक म्हणाले, थांबा.
चपला काढल्या. स्टुलावर चढले.
स्वतः उतरवला.

भिंतीवर फोटोएवढाच एक चौकोन होता.
तपकिरी. जिवंत.
उजेड पडला तसा चारी कडांनी विरघळत गेला.

हुमनाबादेंनी फोटो छातीशी धरलेला.
काचेच्या आतून एक पांढुरकं पिल्लू
अण्णांच्या मिशीवरून गालाकडं चाललं होतं.
ते अंगठ्यानं बाहेरून पुसत होते.
पुसत होते.
मी बॅटरी दुसरीकडं फिरवली.

पंधरा दिवसांनी परत येतो म्हणालो,
तोवर फिनेल नको, ठिपके पुसू नका.
त्यांनी विचारलं, पुन्हा लावता येईल ना?
येईल की. मागची फट पांढऱ्या सिमेंटनं भरा.
साखर नको. बल्ब नको.
आणि आठवड्यातून एकदा खाली उतरवून पुसायचा.

महानंदानं तवा उभा ठेवला, पदराला हात पुसले.
उतरवते मी, म्हणाली. पुसतेही.
पण त्याचे वेगळे द्या.